एलिसाबाईंची सही

(‘खेळ आणि बाई’ या विषयावर किशोरी गटातील मुली आणि त्यांच्या आया यांच्यासाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या मावश्यांनो,

शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘खेळ आणि बाई’ असा विषय छापलाय आणि मी सांगणार आहे एका पुरुषाची गोष्ट. तोही पोर्तुगालचा फुटबॉलपटू. मघाशी चहाच्या वेळी हे सांगितलं तर एक मावशी म्हणाल्या, “अगं, पुरुषांचं कौतुक ऐकायला आम्ही एसटीनं दोन तास प्रवास करून आलो होय?” मावशी, थोडा वेळ द्या. गोष्ट त्याची असली तरी तिच्या पहिल्याच कागदावर सही एका बाईची आहे. मला त्या सहीबद्दल बोलायचंय.

फुटबॉलशी माझं नातं जुनं आहे. आम्ही कोल्हापूरच्या पेठेतले. दोन्ही भाऊ तालमीच्या संघातून खेळायचे. सामन्याच्या दिवशी घरात स्वयंपाक लवकर व्हायचा, चिखलानं भरलेले मोजे धुवायला माझ्याकडे यायचे आणि शाहू स्टेडियमवर जायचं म्हटलं की “तिथं पोरींचं काय काम?” हा प्रश्न ठरलेला. मोजे धुताना मात्र कुणी विचारलं नाही की हे पोरीचं काम कसं काय! मोठ्या भावाच्या पेटीवर एका खेळाडूचं चित्र चिकटवलेलं होतं. काळा, उंच, छातीवर गरुडाचं चिन्ह असलेला लाल सदरा. भाऊ सांगायचा, हा युसेबियो, पोर्तुगालचा. मी मनात म्हणायचे, पोर्तुगीज म्हणजे गोरे ना? मग हा असा कसा? त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे एमएसडब्ल्यू करताना, वसाहतवाद शिकताना मिळालं. ते तुम्हाला सांगते.

आपल्या किनाऱ्यावरून पश्चिमेला समुद्र ओलांडून खाली गेलं की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिक लागतं. पोर्तुगीजांची वसाहत. आपल्याला तो देश दूरचा वाटतो, पण १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालत असे. पुढेही गोव्याची कितीतरी माणसं तिथं कारकून, मास्तर, रेल्वेतले नोकर म्हणून गेली. तिथल्या राजधानीचं तेव्हाचं नाव लॉरेन्सो मार्केस, आजचं मापुटो. या शहराचे दोन भाग होते. एकाला लोक ‘सिमेंटचं शहर’ म्हणायचे. रुंद रस्ते, झाडं, गोऱ्यांचे बंगले. दुसरं ‘बोरूचं शहर’. बोरूच्या, लाकडाच्या, पत्र्याच्या झोपड्या आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. सिमेंटच्या शहरातली धुणीभांडी करायला माणसं बोरूच्या शहरातून यायची आणि संध्याकाळी परत जायची. अशी शहरं तुम्हाला नव्यानं समजावून सांगायची गरज नाही.

या दुसऱ्या शहरातली एक वस्ती म्हणजे माफालाला. वस्ती गरीब, पण नुसती रडणारी नव्हती. नोएमिया द सौझा नावाची कवयित्री इथलीच. काळ्या माणसाच्या आणि काळ्या बाईच्या बाजूनं लिहिलं म्हणून सत्तेची नजर तिच्यावर पडली आणि पुढे तिला देशाबाहेर आयुष्य काढावं लागलं. जुझे क्राव्हेरिन्या हे मोझांबिकचे मोठे कवी आणि पत्रकार, तेही माफालालाचेच. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

त्या काळात मोझांबिकच्या खेड्यांत सक्तीनं कापूस पिकवून घेतला जात होता. पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत गेलेले, त्यामुळे कापसाचं ओझं मुख्यतः बायकांवर. भाव सरकार ठरवणार, पीक घालायचंच ही सक्ती. घरच्या धान्याला वेळ आणि जमीन उरली नाही तर उपाशी राहायची पाळी. ही सक्ती १९६१ पर्यंत चालली. युसेबियोचं बालपण या देशातलं आहे, हे ध्यानात असू द्या.

त्याचा जन्म २५ जानेवारी १९४२ चा. आई एलिसा अनिसाबेनी, काळी आफ्रिकी. वडील लॉरिंदो, अंगोलात जन्मलेले गोरे रेल्वे कामगार. युसेबियो त्यांचं चौथं अपत्य. तो आठ वर्षांचा असताना वडील धनुर्वातानं गेले. त्याच्या सगळ्या चरित्रांत हे एका ओळीत येतं आणि पुढच्या ओळीत लगेच पोरगा अनवाणी फुटबॉल खेळू लागतो. मधल्या वर्षांत त्या घरातली चूल कशी पेटली, पोरं कशी वाढली, ते लिहायला कुणी थांबलेलं नाही. ‘विधवा आईनं वाढवलं’ एवढ्या तीन शब्दांत दहा वर्षं संपतात. आपण वस्तीत घरभेटी करतो, तेव्हा या तीन शब्दांत किती पहाटा असतात ते आपल्याला माहीत असतं.

चेंडू म्हणजे जुन्या मोज्यात कोंबलेले कागद आणि चिंध्या. शाळा बुडवून खेळणं. पोरांनी संघाचं नाव ठेवलं होतं ‘ब्राझिलियन’, कारण तेव्हा ब्राझीलचे खेळाडू म्हणजे देव. शहरात लिस्बनच्या मोठ्या क्लबांच्या शाखा होत्या. बेन्फिकाशी जोडलेल्या क्लबात त्याला घेतलं नाही, म्हणून तो बेन्फिकाच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे स्पोर्टिंगच्या शाखेकडून खेळायला लागला. आणि गोलांचा सपाटा असा लावला की त्याची खबर समुद्रापार गेली. ती कशी गेली त्याचीही गंमत आहे. बेन्फिकाचे प्रशिक्षक बेला गुटमन, हंगेरीचे ज्यू गृहस्थ, लिस्बनमध्ये न्हाव्याच्या दुकानात बसले होते. तिथं त्यांचा जुना ओळखीचा ब्राझिलियन खेळाडू बाउअर भेटला. तो आफ्रिकेचा दौरा करून आला होता. म्हणाला, तिथं एक पोरगा बघितलाय, त्याला सोडू नका. बायकांच्या गप्पांना नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं. युरोपच्या फुटबॉलचा एवढा मोठा निर्णय न्हाव्याच्या दुकानातल्या गप्पांतून झाला.

आता सहीची गोष्ट. दोन क्लबांना हा मुलगा हवा होता. स्पोर्टिंगचं म्हणणं, आमच्याच शाखेतला आहे, ज्युनियर म्हणून लिस्बनला येऊ दे, अनुभव मिळेल. पैसे? पैसे नाहीत. बेन्फिकाची माणसं मात्र थेट घरी गेली, आईशी आणि भावाशी बोलली. ही हकिकत युसेबियोनं स्वतः पुढे मुलाखतीत सांगितलेली आहे. तीन वर्षांसाठी त्यांनी रक्कम देऊ केली. आजच्या चलनात तो ती हजार युरो सांगायचा. भावानं दुप्पट मागितली. त्यांनी दिली. करार आईशी झाला, आणि पैसे आईच्या हातात पडले.

मुलगा अठरा वर्षांचा. पोर्तुगालच्या कायद्यात तेव्हा सज्ञान व्हायचं वय एकवीस. म्हणून पालकाची सही हवी. आता विचार करा, लॉरिंदो जिवंत असते तर ही सही कुणी केली असती? कायद्यानं बापाच्या शब्दाला मान दिला होता, आईचं स्थान त्याच्या मागं. एलिसाबाईंच्या सहीला किंमत आली ती नवरा गेल्यामुळे. आणि घासाघीस केली भावानं. म्हणजे ‘आईनं निर्णय घेतला’ असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. घरात त्या रात्री काय बोलणं झालं, कोण गप्प बसलं, ते आपल्याला ठाऊक नाही. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एका बाजूला अनुभवाच्या नावाखाली फुकट काम होतं, दुसऱ्या बाजूला कामाचा दाम होता, आणि या घरानं दाम मागितला. पोराच्या पायातल्या कसबाला ‘देवाची देणगी’ म्हणून हात जोडत ते बसले नाहीत. ते श्रम आहेत, आणि श्रमाला भाव असतो, हे माफालालातल्या बिनबापाच्या घराला कळलं होतं.

इथं थोडं विषयांतर करते. आपल्याकडे ऊसतोडीला जोडपं जातं तेव्हा मुकादम नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतो. उचल घेतो नवरा, हिशेब होतो नवऱ्याशी. मोळ्या बांधणं, डोक्यावर वाहणं हे बाईचं काम, पण तिचं वेगळं नाव कुठल्याच कागदावर नाही. मी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करत होते तेव्हा एका बाईला विचारलं, तुमची उचल किती? ती म्हणाली, “ताई, ते मालकांना ठावं.” मालक म्हणजे तिचा नवरा. तिच्याच श्रमाचा करार आणि तिलाच रक्कम ठाऊक नाही! म्हणून दुसऱ्या खंडातल्या एका बाईची सही करारावर आहे आणि पैसे तिला मिळाले आहेत, हे वाचलं तेव्हा मी जरा थांबले. ज्याच्या श्रमाचा करार, त्या मुलाला मात्र सही करायचा हक्क नव्हता, हेही खरंच.

डिसेंबर १९६० मध्ये तो लिस्बनला निघाला. स्पोर्टिंगला सुगावा लागू नये म्हणून बेन्फिकाच्या संदेशांत त्याचं खोटं नाव वापरलं होतं: ‘रूथ मालोसो’. म्हणजे युरोपच्या सगळ्यात तगड्या फॉरवर्डचा प्रवास बाईच्या नावाखाली झाला! (मुली हसतायत. हसा, हसण्यासारखंच आहे.) स्पोर्टिंगनं पळवून नेल्याचा आरोप केला, नोंदणी महिनोन्‌महिने अडकली, त्या काळात त्याला राजधानीपासून लांब दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर लपवूनही ठेवलं गेलं. अठरा वर्षांचा पोरगा, अनोळखी देश, थंडी, आणि आपल्याला इकडून तिकडे का हलवतायत तेही नीट माहीत नाही.

निघताना एलिसाबाईंनी त्याच्याजवळ एक पत्र दिलं होतं. ते होतं मारिओ कोलुनासाठी. कोलुनाही मोझांबिकचेच, बेन्फिकाचे ज्येष्ठ खेळाडू, पुढे कप्तान झालेले. पत्रात मागणं एकच, माझ्या मुलाकडे लक्ष द्या. कोलुनांनी ते मनावर घेतलं. बँकेत खातं काढून देण्यापासून कपड्यालत्त्यापर्यंत सगळं पाहिलं. युसेबियो जगप्रसिद्ध झाल्यावरसुद्धा त्यांना ‘सेन्योर कोलुना’, म्हणजे कोलुनासाहेब म्हणायचा. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला ‘आधारयंत्रणा’ नावाचं प्रकरण होतं. माफालालातल्या बाईनं ते एका पत्रात करून दाखवलं. करारात क्लब काय देणार ते लिहिलं होतं, जे लिहिलेलं नव्हतं त्याची सोय तिनं स्वतः केली.

१९६१ साल पोर्तुगालच्या सत्तेला जड गेलं. देशावर सालाझारची हुकूमशाही होती. वर्षाच्या सुरुवातीला अंगोलात सशस्त्र उठाव झाला. डिसेंबरात, १९ तारखेला, गोवा मुक्त झाला. सालाझारचं म्हणणं असं की आमच्या वसाहती नाहीतच, ते ‘सागरापलीकडचे प्रांत’ आहेत. १९५१ मध्ये कागदावर त्यांनी तसं नाव बदलूनही घेतलं होतं. गोवा म्हणजे पोर्तुगाल, मोझांबिक म्हणजे पोर्तुगाल, आणि आमच्याकडे काळा-गोरा भेद नाही. हे जगाला पटवायला पुरावा हवा होता. तो पुरावा त्याच वर्षी लाल सदरा घालून मैदानात उतरला.

खेळाचं थोडक्यात सांगते, नाहीतर माझे भाऊ रागावतील. जून १९६१ मध्ये पॅरिसला पेलेच्या सांतोस संघाविरुद्ध बेन्फिका दणकून मार खात होतं. हा बदली खेळाडू म्हणून आला आणि तीन गोल मारले. सामना हरले, पण दुसऱ्या दिवशी नाव याचं झालं. मे १९६२ मध्ये ॲमस्टरडॅमला युरोपियन कपचा अंतिम सामना, समोर रेआल माद्रिद. ५-३ नं जिंकले, शेवटचे दोन गोल याचे. तेव्हा वय वीस. १९६५ मध्ये युरोपातला सर्वोत्तम खेळाडू. बेन्फिकाबरोबर पोर्तुगालची अकरा लीग विजेतेपदं. सात वेळा लीगमध्ये सर्वाधिक गोल. पोर्तुगालसाठी ६४ सामन्यांत ४१ गोल. चेंडूला लाथ बसली की तोफ सुटावी तसा जायचा, आणि एवढ्या ताकदीबरोबर स्वभाव असा की १९६८ च्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडच्या गोलरक्षकानं त्याचा अगदी शेवटच्या क्षणांतला फटका अडवला, तर यानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो सामना ते पुढे जादा वेळेत हरले.

पण खरी गोष्ट १९६६ ची. इंग्लंडमधला विश्वचषक. पोर्तुगाल पहिल्यांदाच खेळत होता. त्या संघातले चार महत्त्वाचे खेळाडू मोझांबिकमध्ये जन्मलेले होते: कप्तान कोलुना, इलारिओ, विसेंते आणि युसेबियो. त्यांच्या मायदेशात तेव्हा स्वातंत्र्ययुद्ध पेटून दोन वर्षं होत आली होती. तिथली तरुण पोरं पोर्तुगालच्या सैन्याविरुद्ध जंगलात लढत होती आणि ही चौघं पोर्तुगालचं चिन्ह छातीवर लावून मैदानात. उपांत्यपूर्व सामना उत्तर कोरियाशी. पंचवीस मिनिटांत कोरियाचे तीन गोल. सगळे म्हणाले, संपलं. मग युसेबियोनं ओळीनं चार मारले. एकेक गोल झाला की जाळ्यातून चेंडू काढून स्वतः मधल्या रेषेवर पळत आणायचा, वेळ जाऊ नये म्हणून. ५-३ नं जिंकले. उपांत्य सामन्यात इंग्लंडनं २-१ नं हरवलं. पोर्तुगालचा तो एक गोलही याचाच, पेनल्टीवर. स्पर्धेत एकूण नऊ गोल, सगळ्यांत जास्त.

इंग्लंडच्या सामन्यानंतर तो रडत, सदऱ्यानं डोळे पुसत मैदानाबाहेर गेला. पोर्तुगालमध्ये या सामन्याला अजूनही ‘अश्रूंचा सामना’ म्हणतात. तो फोटो तुम्ही बघा. मला तो फार आवडतो. पुरुषांनी रडायचं नाही हे आपल्या घरात पोरांना पाळण्यापासून शिकवतात, आणि मग ते न रडलेलं रडू बायकोच्या पाठीवर निघतं. इथं जगातला एक बलदंड पुरुष लाखो लोकांसमोर रडला आणि त्यानं त्याचं काही बिघडलं नाही. त्याला वर्तमानपत्रांनी ‘काळा चित्ता’ असं नाव दिलेलं होतं. गोऱ्या खेळाडूंना लोक मेजर म्हणायचे, सर म्हणायचे. काळ्याला जनावराचं नाव, तेही कौतुकानं. रडतानाचा तो फोटो मात्र निव्वळ माणसाचा आहे.

यानंतर इटलीच्या क्लबांनी त्याच्यासाठी मोठमोठ्या रकमा देऊ केल्या. त्याच्या आणि घरच्यांच्या कित्येक पिढ्यांची ददात मिटली असती. पण सालाझारनं जाऊ दिलं नाही. हा ‘राष्ट्राची संपत्ती’ आहे, देशाबाहेर जाता कामा नये. (त्याच सुमाराला इटलीनंही परदेशी खेळाडूंना दारं बंद केली, हेही सांगायला हवं. सगळा दोष एकट्या सालाझारवर टाकता येणार नाही.) युसेबियोला याची खंत राहिली, तो ती मुलाखतींत बोलूनही दाखवायचा.

‘राष्ट्राची संपत्ती’. मैत्रिणींनो, हा शब्द नीट ऐका. आपल्याला घराण्याची अब्रू म्हणतात, घरची लक्ष्मी म्हणतात. शब्द मखरात बसवणारे, आणि अर्थ एवढाच की तुझा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही. सालाझारच्या पोर्तुगालात बायकांचं काय होतं ते बघा. विवाहित स्त्रीला १९६९ पर्यंत नवऱ्याच्या परवानगीशिवाय देशाबाहेर जाता येत नव्हतं. सरकारी इस्पितळातल्या परिचारिकांना लग्न करायला १९६३ पर्यंत बंदी. नवरा कुटुंबाचा प्रमुख असं १९६० च्या दशकात केलेल्या नव्या नागरी कायद्यातही लिहिलेलं. तीन लेखिकांनी, मारिया इझाबेल बारेनो, मारिया तेरेझा ओर्ता आणि मारिया व्हेल्यो द कोश्ता यांनी, १९७२ मध्ये मिळून बाईच्या मनाबद्दल आणि शरीराबद्दल पुस्तक लिहिलं, तर पुस्तकावर बंदी आणि तिघींवर खटला. एप्रिल १९७४ मध्ये हुकूमशाही पडली म्हणून त्या सुटल्या. तर ज्या राजवटीनं बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची परवानगी मागायला लावली, तिनंच काळ्या खेळाडूला परदेशी क्लबात जाऊ दिलं नाही. दोन्हीकडे तर्क एकच. हे शरीर आमचं, याचं कुठं काय करायचं ते आम्ही ठरवणार. लोक त्या राजवटीला तीन ‘फ’ ची राजवट म्हणायचे: फादो, फातिमा, फुटबॉल. गाणं, देवस्थान आणि खेळ यांत लोकांना गुंतवून ठेवायचं. त्यातल्या फुटबॉलचा चेहरा म्हणजे माफालालाचा हा पोरगा.

मग त्यानं विरोध का नाही केला, असं आमच्या अभ्यासवर्गात एकीनं विचारलं होतं. कोलुना, युसेबियो, यांनी एकदा तरी तोंड उघडायला नको होतं का? मला हा प्रश्न सोपा वाटत नाही. हुकूमशाहीत गुप्त पोलीस असतात, आई आणि भावंडं तिकडे वसाहतीत असतात. युसेबियोनं राजकारणावर बोलणं टाळलं, हे खरं आहे, आणि लढणाऱ्यांना त्याचं वाईट वाटलं असेल तर तेही खरं आहे. पण ज्या बाईनं मार खाऊनही तक्रार केली नाही, तिला आपण ‘का नाही केलीस’ असं दरडावत नाही ना? तिच्यापाशी कोणते रस्ते होते ते आधी बघतो. मी याच्याकडेही तसंच बघते. त्याला निर्दोष ठरवायची मला घाई नाही.

शरीराचं पुढं काय झालं तेही सांगते. डाव्या गुडघ्यावर सहा शस्त्रक्रिया. मारकुटे बचावपटू त्या गुडघ्यावरच यायचे आणि क्लबला तर तो प्रत्येक सामन्यात हवा असायचा. १९७५ मध्ये बेन्फिका सुटलं. त्याच वर्षी २५ जूनला मोझांबिक स्वतंत्र झालं. तेहतिसाव्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यानं हा अमेरिकेत बॉस्टन, मग मेक्सिकोत मोंतेरे, कॅनडात टोरांटो, पुन्हा अमेरिकेत लास व्हेगास, न्यू जर्सी असा फिरत राहिला. जिथं पैसे मिळतील तिथं. तरुणपणी जे बाजारभावानं मिळालं असतं, ते म्हातारपणाच्या उंबऱ्यावर तुकड्यातुकड्यानं गोळा करत. मधे पोर्तुगालच्या बेइरा-मार या छोट्या क्लबाकडून खेळताना एकदा समोर बेन्फिकाच आलं. त्यानं साथीदारांना आधीच सांगून टाकलं, मी यांच्यावर गोल मारणार नाही. भावाला ही गोष्ट फार भारी वाटते. मला कासावीस करते. सासरनं राबवून घेतलं तरी सासरची निंदा न करणारी बाई मला त्यात दिसते.

५ जानेवारी २०१४ रोजी तो गेला. तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा. त्याच्या इच्छेप्रमाणे शवपेटी बेन्फिकाच्या मैदानावरून एकदा फिरवली. सात आठवड्यांनी, २५ फेब्रुवारीला, कोलुनाही मापुटोत वारले. २०१५ मध्ये युसेबियोचे अवशेष लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकात नेले. राष्ट्राध्यक्ष, लेखक यांच्याबरोबर तिथं जागा मिळालेला तो पहिला फुटबॉलपटू. त्याच वास्तूत फादो गायिका आमालिया रॉड्रिग्ज आहे. ती २००१ मध्ये तिथं नेलेली पहिली स्त्री. स्मारकात त्याच्या गोलांचा आकडा सांगता येईल, पण त्याच्या आईनं लिहिलेल्या पत्राला तिथं जागा असेल असं मला वाटत नाही.

आता क्राव्हेरिन्यांकडे परत येऊ. मी म्हटलं होतं, नाव लक्षात ठेवा. युसेबियो खेळ संपवत होता त्या दशकात मापुटोच्या अशाच एका गरीब वस्तीत मारिया मुटोला नावाची मुलगी जन्मली, १९७२ मध्ये. तीही फुटबॉल खेळायची. मुलींचे संघ नव्हतेच, म्हणून मुलांच्या संघात. चांगली खेळायची, गोल मारायची. समोरच्या संघानं तक्रार केली की ही मुलगी आहे, हिला खेळू देऊ नका. युसेबियोला घ्यायला क्लब भांडले होते, हिला काढायला भांडले. तेव्हा तिच्या मदतीला आले कवी क्राव्हेरिन्या. त्यांना खेळाचं वेड होतं आणि त्यांचा मुलगा धावण्याचा प्रशिक्षक होता. त्यांनी तिला धावायला लावलं. पंधराव्या वर्षी ती सोल ऑलिंपिकला धावली आणि २००० मध्ये सिडनीला ८०० मीटरचं सुवर्णपदक जिंकली. मोझांबिकचं पहिलं. छान झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मला राहूनराहून वाटतं, तिला हवा होता तो खेळ तर तिच्याकडून काढूनच घेतला. धावण्यात पदक मिळालं म्हणून तो अन्याय पुसला गेला असं आपण का मानायचं?

आणि पोर्तुगालमध्ये? तिथल्या मुलींचा राष्ट्रीय संघ पहिला सामना खेळला तो १९८१ मध्ये, पुढे जवळपास दहा वर्षं तो संघच बंद होता. विश्वचषकाला त्या पोहोचल्या २०२३ मध्ये, पुरुषांनंतर सत्तावन्न वर्षांनी. त्यांचा विश्वचषकातला पहिला गोल व्हिएतनामविरुद्ध तेल्मा एंकार्नासाव हिनं मारला. मदेराच्या बेटावरची मुलगी, फॉरवर्डच. भावाला मी विचारलं, हिचं चित्र चिकटवणार का? तो म्हणाला, आता पेटी कुठं राहिलीय! त्याची लेक मात्र इथं दुसऱ्या रांगेत बसली आहे.

मावशी, दोन तासांच्या प्रवासाचे पैसे वसूल झाले की नाही ते जेवताना सांगा. एक कामाची गोष्ट राहिली. मुलींच्या संघाच्या नोंदणीचे अर्ज टेबलावर ठेवले आहेत. मागच्या वर्षी कितीतरी अर्ज ‘पप्पा गावाला गेलेत, आले की सही करतील’ म्हणून राहून गेले, आणि तारीख निघून गेली. एका शाळेनं तर आईची सही असलेला अर्ज परत पाठवला होता, त्यावरून आम्ही भांडलो. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सांगितलं आहे की वडील हयात असले, पण मुलाच्या कारभारात नसले किंवा जवळ नसले, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. तेव्हा पालकाच्या रकान्यात तुम्ही स्वतः सही करायची. अंगठा असेल तरी चालतो, शाई आणलेली आहे. आणि सही करण्याआधी अर्ज कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. प्रवासखर्च कोण देणार, दुखापत झाली तर दवाखान्याचं बिल कुणाचं, हे विचारा. तिसऱ्या पानावर ते रकाने आम्ही मुद्दाम घातले आहेत.